टपालखर्च वेगळा पडेल

मुंबई-पुण्यात निघालेले प्रत्येक मराठी पुस्तक चेन्नईतल्या एग्मोरला फुकट पोचते करायचे, असा या देशाचा कायदाच आहे. १९५४ च्या या कायद्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने त्याची एकेक प्रत स्वखर्चाने चार ठिकाणी पाठवायची असते: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि एग्मोरच्या पँथिऑन रस्त्यावरचे कॉनेमारा ग्रंथालय. कॉनेमारा १८९६ साली लोकांसाठी खुले झाले. प्रत न पाठवणाऱ्याला दंड आहे पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. १९५४ साली पन्नास रुपयांना वजन असेल. आज मुंबईहून चेन्नईला तीनशे ग्रॅमचे पुस्तक स्पीड पोस्टाने धाडायचे तर ८६ रुपये आणि त्यावर कर पडतो. दंडाचा आकडा टपालाच्या खाली गेला, तरी तो बदलावा असे सत्तर वर्षांत कोणाला वाटलेले दिसत नाही.

फुकट टपालाची सरकारी सक्ती एवढीच. बाकीची सक्ती बाजाराने केलेली आहे, आणि ती मात्र कडक आहे. घरी मसाले कुटून व्हॉट्सॲपवर विकणारी गृहिणी, सावंतवाडीची लाकडी खेळणी इन्स्टाग्रामवर मांडणारा तरुण, जुनी पुस्तके फेसबुकवर विकणारा रद्दीतला जाणकार, सगळ्यांना गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारते: ‘डिलिव्हरी फ्री आहे ना?’ नाही म्हटले की संभाषण तिथेच थांबते. मग रात्री हिशेबाला बसल्यावर विक्रेत्याला प्रश्न पडतो की टपालखर्च आपणच सोसावा का.

आमचे मत विचाराल तर सोसू नये. अपवाद आहेत, ते पुढे सांगतो. आधी हिशेब.

समजा, पुस्तक २५० रुपयांचे आहे आणि बांधाबांध धरून त्याचे वजन तीनशे ग्रॅम भरते. दुकानदाराला प्रकाशकाकडून पंचवीस टक्के सूट मिळते असे धरू, म्हणजे त्याच्या हाती ६२ रुपये ५० पैसे. यातच दुकानाचे भाडे, वीज, मदतनिसाचा पगार. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दराने हे पुस्तक मुंबईहून चेन्नईला जायला ८६ रुपये अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १०१ रुपये ४८ पैसे लागतात. एग्मोरच्या वाचकाला ‘टपाल फुकट’ म्हणणारा दुकानदार प्रत्येक प्रतीमागे एकोणचाळीस रुपये पदरचे घालतो, आणि हे भाडे-पगार बाजूला ठेवून. पुस्तकावर किंमत छापलेली असते, त्यामुळे तीनशे रुपये लावून पन्नास वळते करून घेण्याची पळवाटही त्याला नाही. एकाच पार्सलात चार पुस्तके गेली तर गणित सावरते. म्हणूनच ‘हजारावर टपाल माफ’ ही पाटी लावणारा पुस्तकविक्रेता शहाणा आणि ‘कोणतेही पुस्तक, टपाल माफ’ म्हणणारा एकतर श्रीमंत किंवा नवखा.

आता कॉनेमारातून बाहेर पडून त्याच पँथिऑन रस्त्याने थोडे चाला. को-ऑप्टेक्सचे मुख्यालय लागते. तमिळनाडूच्या हातमाग विणकरांची ही सहकारी संस्था १९३५ पासूनची. आठ हजारांची रेशमी साडी असेल तर तिच्या टपालाचे दीडशे-दोनशे रुपये म्हणजे किमतीच्या दोन-अडीच टक्के. इथे टपालखर्च वेगळा मागणारा विक्रेताच कंजूष दिसेल. तो किमतीत धरावा आणि विषय मिटवावा. साडीवर छापील किंमत असली तरी ती ठरवणारा बहुधा विक्रेताच असतो, हा पुस्तकवाल्याला नसलेला मोकळेपणा त्याला आहे. को-ऑप्टेक्सची दिवाळीतली तीस टक्के सूट प्रसिद्ध आहे, पण अशा रिबेटचा काही भार सरकार उचलते. आपल्या घरगुती विक्रेत्याच्या पाठीशी असे कोणी नसते. सरकारी दुकानाची सूट पाहून त्याने आपली सूट ठरवू नये.

तेव्हा प्रश्न औदार्याचा नाही, वजन आणि किंमत यांच्या प्रमाणाचा आहे. टपालखर्च किमतीच्या विसाव्या हिश्शाच्या आत असेल तर खुशाल सोसा. त्याच्या वर गेला तर गिऱ्हाइकाला सांगून घ्या. चकली, लोणचे, गोडा मसाला, पोह्याचे पापड हे जड आणि स्वस्त पदार्थ. यांचे टपाल फुकट देणे म्हणजे जिन्नसच फुकट देणे. आणि हलकी वस्तूही दगा देते. कुरिअरवाले काट्यावरचे वजन पाहतात तसा खोक्याचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. घडी न होणारा कागदी आकाशकंदील एक फुटाच्या, म्हणजे साधारण तीस सेंटिमीटरच्या खोक्यात घातला की काट्यावर तीनशे ग्रॅम आणि बिलावर ५.४ किलो. घडीचे कंदील ऑनलाइन एवढे का चालतात याचे निम्मे उत्तर या भागाकारात आहे.

मोठ्या कंपन्या कशा देतात, असे कोणी विचारील. त्याही देत नाहीत. ॲमेझॉनची प्राइम योजना अमेरिकेत २००५ मध्ये वर्षाला ७९ डॉलर घेऊन सुरू झाली, भारतात २०१६ मध्ये आली. गिऱ्हाईक वर्षाचे टपाल आगाऊ भरते आणि मग प्रत्येक खरेदीला ते फुकट समजते. बाकीचे ओझे विक्रेत्यावर. २०२५ च्या एप्रिलपासून ॲमेझॉनने भारतात तीनशे रुपयांखालच्या वस्तूंवरचे कमिशन माफ केले आणि वाहतुकीचा सपाट दरही ७७ वरून ६५ रुपयांपासून सुरू होईल असा केला. चांगलेच केले. पण अडीचशेच्या वस्तूवर ६५ रुपये म्हणजे सव्वीस टक्के. कमिशन गेले तरी गाडीभाडे राहिले, आणि छोट्या मालाचे खरे ओझे नेहमी गाडीभाड्याचेच असते.

हस्तकलेच्या वस्तूंसाठी नाव मिळवलेल्या एट्सी या अमेरिकी बाजाराने २०१९ मध्ये ३५ डॉलरांवरच्या खरेदीला टपाल फुकट देणाऱ्या विक्रेत्यांना शोधयादीत वर ठेवायला सुरुवात केली. म्हणायला ऐच्छिक, पण दुसऱ्या पानावर ढकलले जाण्यासारखी सक्ती दुसरी नाही. त्याच्या आदल्या वर्षीच कंपनीने आपले कमिशन पाच टक्के करून ते टपालखर्चावरही लावले होते. म्हणजे विक्रेत्याने टपाल वेगळे घेतले तरी त्यावर कमिशन, किमतीत मिसळले तरी कमिशन. विणकाम करणाऱ्या बायका आणि लाकडी खेळणीवाले ओरडले, पुढे किमती वाढवून गप्प बसले. गिऱ्हाइकाला वाटले, टपाल फुकट झाले.

या ‘फुकट’ची ओढ मोठी विलक्षण आहे, हे मान्य करायलाच हवे. डॅन एरिएली या वर्तन-अर्थशास्त्रज्ञाने २००८ च्या आपल्या ‘प्रेडिक्टेबली इर्रॅशनल’ या पुस्तकात ॲमेझॉनचा एक किस्सा सांगितला आहे. ठरावीक खरेदीवर टपाल फुकट, ही योजना आली तेव्हा सगळ्या देशांत विक्री वाढली, फक्त फ्रान्समध्ये वाढली नाही. शोध घेतल्यावर कळले की तिथे फुकटऐवजी एक फ्रँक आकारला जात होता. एक फ्रँक म्हणजे चणेफुटाणे. तो शून्य केल्यावर तिथेही विक्री वाढली. शून्य आणि एक यांच्यातले अंतर एक आणि पन्नास यांच्यातल्या अंतराहून मोठे असते, हे प्रत्येक दुकानदाराला माहीत असते. त्याच फ्रान्सने पुढे कायद्याने उलटे केले. पुस्तकांच्या किमती तिथे १९८१ पासून ठरलेल्या, पाच टक्क्यांवर सूट नाही. २०१४ मध्ये सूट आणि फुकट टपाल एकत्र द्यायला बंदी आली. ॲमेझॉनने लगेच टपाल एक सेंट केले. मग नवा कायदा आला आणि ७ ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंखालच्या पुस्तक-खरेदीला किमान तीन युरो टपाल घ्यावेच लागते. त्यावरही कंपनीने दुकानातल्या पेटीतून पुस्तक फुकट न्या अशी वाट काढली आणि वाद चालूच राहिला.

असा कायदा इथे नको. पॅरिसच्या वाचकाला कोपऱ्यावर पुस्तकाचे दुकान आहे, चेन्नईतल्या मराठी वाचकाला मराठी पुस्तक महाराष्ट्रातूनच मागवावे लागते. दादर-चेन्नई एग्मोर एक्स्प्रेस धावत होती तेव्हा माहेरी गेलेले माणूस परतताना पिशवीतून पुस्तके आणी. तेही टपाल फुकटच होते, हमाली मात्र त्याची. चेन्नईच्या या वाचकाला महाग टपालाची सक्ती करून पुण्यातल्या दुकानदाराचे भले होणार नाही. वाचक पुस्तक घेणेच सोडील.

पण किमतीत टपाल मिसळण्यात आणखी एक अन्याय आहे, तो सहसा कोणी बोलत नाही. सगळ्यांना एकच ‘फुकट’ भाव लावला की सदाशिव पेठेतले गिऱ्हाईक चेन्नईच्या गिऱ्हाइकाचे टपाल भरते, आणि स्वतः दुकानात येऊन वस्तू नेणारा तर दोघांचेही भरतो. चेन्नईकरांना हे सोयीचे आहे, तरीही ते बरोबर नाही. दुसऱ्याच्या खिशातून आलेल्या सवलतीला सवलत म्हणत नाहीत.

मराठी पुस्तक-व्यवहार यापेक्षा सरळ होता. जुन्या मासिकांच्या जाहिराती काढून पाहा. किंमत इतकी, ट. ख. वेगळा. दोन आकडे शेजारी शेजारी, लपवाछपवी नाही. आज २०२० चे ई-व्यापाराचे ग्राहक-संरक्षण नियम हेच सांगतात: एकूण किंमत एका आकड्यात दाखवा आणि तिच्यात डिलिव्हरी किती, कर किती ते फोडून लिहा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या युक्त्यांचे तेरा प्रकार सांगितले, त्यांत आधी थोडी किंमत दाखवून शेवटच्या पानावर आकार चढवत नेण्याची युक्तीही आहे. गिऱ्हाइकाला चीड येते ती या शेवटच्या पानावरच्या धक्क्याची. पहिल्याच ओळीत लिहिलेल्या टपालखर्चावर रागावलेले माणूस क्वचित दिसते. छोट्या विक्रेत्याने व्हॉट्सॲपच्या पहिल्याच निरोपात किमतीखाली टपालाचा आकडा टाकावा. तिथे गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्यावे. ते तसेही पुढच्या वेळी पाच रुपये कमी घेणाऱ्याकडेच जाणार होते.

परतीचा प्रश्न याहून वाईट. व्ही. पी. ची पद्धत टपालखात्याने १८७७ मध्ये सुरू केली: पार्सल आधी जाईल, पैसे पोस्टमन घेईल. मराठी प्रकाशकांनी तिचा पुरेपूर उपयोग केला आणि तिचा चटकाही पुरेपूर सोसला. वाचक व्ही. पी. सोडवून घेत नसे, गठ्ठा परत येई आणि जाण्या-येण्याचे हशील प्रकाशकाच्या माथी. आज याला ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात, पण माथे तेच. ज्याने टपाल फुकट दिले त्याचे परतीचे टपालही फुकटच गेले. पैसे आधी, पार्सल नंतर, हा नियम छोट्या विक्रेत्याने मोडू नये. परत आलेले पार्सल उधारीपेक्षा अधिक दुखते.

इथवर विक्रेत्याबद्दल झाले. पण टपाल इतके जड का झाले, हा प्रश्न विक्रेत्याला विचारून उपयोग नाही. १८५४ मध्ये या देशात अंतर न पाहता एकच दर ठरला: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते मुंबईहून ठाण्याला जावो की मद्रासला. लांबच्या माणसाचे जास्तीचे ओझे टपालखाते आपल्या अंगावर घेई. छापील पुस्तकांना तर त्याहून वेगळी सवलत, बुक पोस्टाची. रजिस्टर्ड बुक पोस्टाने पाच किलोंचा गठ्ठा देशात कुठेही ऐंशी रुपयांच्या आसपास जात असे. मराठीतल्या किती छोट्या प्रकाशकांचा आणि अनियतकालिकांचा संसार त्यावर चालला! डिसेंबर २०२४ मध्ये ही सेवा एकाएकी बंद झाली. नवा टपाल कायदा आला, नवे नियम आले आणि काउंटरवरच्या संगणकातून बुक पोस्ट नाहीसे झाले. पार्सल घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांना ते तिथेच कळले. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले, आणि स्पीड पोस्ट अंतर मोजून पैसे घेते. ५० ग्रॅमच्या पुढे गेलात की दोनशे किलोमीटर, पाचशे, हजार, दोन हजार अशा पायऱ्या. १८५४ च्या अर्ध्या आण्याने जे अंतर पुसले होते ते दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी परत आखले गेले.

छोटा विक्रेता फुकट टपालासाठी रडकुंडीला आला तो या पायऱ्यांमुळे. पूर्वी जे ओझे टपालखाते वाहत होते ते आता त्याने वाहावे, अशी सगळ्यांची न बोललेली अपेक्षा आहे. ती त्याने नाकारलीच पाहिजे.

खात्याला हे अगदीच कळले नाही असे नाही. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी तीनशे ग्रॅमला वीस रुपये आणि पाच किलोंना शंभर रुपये, अधिक कर. पार्सल रस्त्याने-रेल्वेने जाईल, वेळ लागेल, पण माग काढता येईल. आधीच्या हिशेबातले एग्मोरला जाणारे पुस्तक या दराने पाठवून पाहा: ८६ च्या जागी २०. दुकानदाराच्या ६२ रुपयांतले बरेचसे त्याच्याकडे राहतात, आणि मनात आले तर टपाल माफही करता येते. छोट्या विक्रेत्याने टपाल फुकट द्यावे की नाही हा वाद असा काउंटरवर मिटतो. आपल्याकडच्या कित्येक पुस्तकविक्रेत्यांनी अजून या सेवेची चौकशीही केलेली नाही आणि काही टपाल कार्यालयांत विचारले तर खिडकीमागचा माणूस शेजारच्याकडे बघतो. दोघांनीही सुधारावे.

एक गोष्ट मात्र खात्याने बिघडवून ठेवली आहे. ज्ञान पोस्टातून नियतकालिके वगळली आहेत, आणि किरकोळ सूचना किंवा पुस्तकयादी सोडून जाहिराती असलेले छापील साहित्यही. ही अट लिहिणाऱ्याला दिवाळी अंक म्हणजे काय हे माहीत नसावे. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा प्रकार जाहिरातींच्या आधारावरच उभा आहे. जाहिराती नसत्या तर चारशे पानांचा अंक वाचकाला परवडला नसता. म्हणजे अंकाची किंमत खाली आणणारी जाहिरातच त्याचे टपाल वर नेते. चेन्नई, बंगळूर, इंदूर, बडोदे इथल्या मराठी घरांत दर वर्षी जे मराठी वाङ्मय हमखास मागवले जाते ते दिवाळी अंकांचे संच, आणि तेच या सवलतीबाहेर. पाच अंकांचा संच वजनाने दोन किलोंच्या घरात जातो. विक्रेता ‘घरपोच, टपाल माफ’ अशी जाहिरात करतो, कारण सगळेच करतात, आणि नोव्हेंबरात हिशेब मांडून पुढल्या वर्षी हा उद्योग नको म्हणतो.

वाचकांनी या दिवाळीला संच मागवताना टपालाचे पैसे स्वतःहून विचारून भरावेत, विक्रेता नको म्हणाला तरी. आणि टपालखात्याने ज्ञान पोस्टातली जाहिरातीची व नियतकालिकाची अट दिवाळी अंकांपुरती तरी काढावी. अंक ऑक्टोबरात टपालात पडतात. आदेश सप्टेंबरात निघाला तरी चालेल.